चौदा बॉल परत कोण लावणार?

१९५९ साली जो डेव्हिस यांनी स्नूकरच्या टेबलावर दोन बॉल वाढवले. नारिंगी आठ गुणांचा, जांभळा दहा गुणांचा, आणि खेळाचं नाव ‘स्नूकर प्लस’. डेव्हिस म्हणजे कोणी ऐरेगैरे नव्हते. १९२७ ची पहिली जागतिक स्पर्धा जिंकल्यापासून १९४६ पर्यंत त्यांनी त्या करंडकाला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता. त्यांचं गणितही मोहात पाडणारं होतं. पंधरा लाल (प्रत्येकी एक गुण) आणि प्रत्येक लालानंतर जांभळा घेतला की १६५, मग उरलेल्या आठ रंगांचे ४५, एकूण २१०. नेहमीच्या स्नूकरमध्ये ही कमाल १४७ वर थांबते. एवढा मोठा खेळाडू पाठीशी, त्यात ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’सारख्या खपाच्या वृत्तपत्राची स्पर्धा, तरीही हा खेळ थोड्याच दिवसांत बासनात गेला.

तेव्हा स्नूकरला उतरती कळा लागली होती. जागतिक स्पर्धा १९५७ नंतर बंद पडली ती थेट १९६४ मध्ये पुन्हा सुरू झाली. प्रेक्षक कमी झाले तर ब्रेक (एका खेळीत सलग केलेले गुण) मोठी करा, असा त्या उपायाचा सरळ अर्थ. पण क्लबात संध्याकाळी खेळणाऱ्या माणसाची ब्रेक वीस-पंचवीसच्या पुढे सहसा जात नाही. त्याने २१० चं काय करायचं? त्याच्या वाट्याला आली ती कटकट: दोन जादा बॉल विकत घ्या, कापडावर दोन जादा खुणा करा, आणि जिथे तपकिरी, निळा, गुलाबी, काळा आधीच रांगेत उभे आहेत त्या मधल्या रेषेवर आणखी दोन अडथळे सोसा. स्नूकर सावरला तो पुढे दहा वर्षांनी, १९६९ मध्ये, बीबीसीने रंगीत टीव्हीवर एकेका फ्रेमचे (म्हणजे एकाच डावाचे) सामने दाखवायला सुरुवात केली तेव्हा. बॉल तेच, गुण तेच.

या खेळांचे नवे प्रकार दर काही वर्षांनी येतात आणि विरतात. त्यावर ‘लोकांना चांगल्या खेळाची कदर नाही’ असा गळा काढला जातो. तो मला पटत नाही. बुडालेल्या प्रकारांपैकी बरेचसे अव्वल खेळाडूंच्या किंवा संयोजकांच्या अडचणीवर उत्तर म्हणून निघालेले असतात. भाडं भरून खेळणाऱ्याची अडचण निराळीच असते. त्याला क्यू हातात घेऊन टेबलापाशी उभं राहायला मिळत नाही.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे अमेरिकेतला स्ट्रेट पूल, ज्याला ‘फोर्टीन पॉइंट वन’ म्हणतात. १९१० मध्ये जेरोम किओ यांनी तो बसवला आणि पुढे कित्येक दशकं तिथली पूलची जागतिक विजेतेपदं याच खेळावर ठरली. नियम दोन वाक्यांत सांगता येतात. कोणताही बॉल कोणत्याही पॉकेटात घाला, फक्त मारण्याआधी बॉल आणि पॉकेट सांगा; एका बॉलला एक गुण, स्पर्धेत बहुधा १५० पर्यंत. खरी कला चौदा बॉल संपल्यावर सुरू होते. पंधरावा बॉल आणि पांढरा (ज्याने बाकीच्यांना मारायचं तो) आहेत तिथेच राहतात आणि बाकीचे चौदा त्रिकोणात परत लावले जातात, टोकाची जागा रिकामी ठेवून. आता तो सुटा बॉल पॉकेटात घालायचा आणि त्याच फटक्यात पांढऱ्याने त्रिकोणाच्या बाजूवर धडक द्यायची, म्हणजे चौदा पसरतात आणि खेळी पुढे चालू राहते. हा सुटा बॉल कुठला ठेवायचा, पांढरा त्याच्या कुठल्या अंगाला आणायचा, हे तीन-चार बॉल आधीच ठरवावं लागतं. धडक कमी पडली तर पांढरा गठ्ठ्याला चिकटून बसतो आणि समोर चौदा बॉल असूनही मारण्याजोगा एकही उरत नाही. पूलमधल्या सगळ्या प्रकारांत कौशल्याची अशी परीक्षा दुसरी नाही, हे जाणकारांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे.

पण त्याची सुरुवात बघा. पहिला फटका मारणाऱ्याने एक तर सांगून बॉल घालायचा, नाहीतर पांढरा आणि आणखी किमान दोन बॉल कुशनला (टेबलाच्या कडेच्या गादीला) लावायचे. जमलं नाही तर दोन गुण वजा. लागोपाठ तीन फाउल झाले तर आणखी पंधरा वजा. त्यामुळे शहाणा खेळाडू फोडतच नाही. त्रिकोणाच्या कोपऱ्यातल्या बॉलला पातळ स्पर्श करतो, दोन बॉल कुशनपर्यंत जाऊन परत गठ्ठ्याजवळ येतात, आणि पांढरा टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला कुशनशी जाऊन थांबतो. मग समोरचाही तसंच काहीतरी करतो. नवखा माणूस पूल टेबलाकडे येतो तो बॉल धाडकन फोडण्यासाठी, आणि इथे त्यालाच बंदी.

एकदा का चांगल्या खेळाडूला चान्स मिळाला की दुसऱ्याने खुर्ची धरायची. १९ मार्च १९५४ रोजी ओहायोतल्या स्प्रिंगफील्ड इथे विली मॉस्कोनी यांनी प्रदर्शनीय सामन्यात न चुकता ५२६ बॉल घातले. म्हणजे चौदा-चौदाचे सदतीस त्रिकोण आणि वर आठ. (जानेवारी २०२२ मध्ये जेसन शॉ यांनी ७१४ पर्यंत मजल मारली.) अद्भुतच. पण त्या संध्याकाळी मॉस्कोनींसमोर जो बसला होता त्याने खेळ म्हणून काय केलं, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. हा दोष पहिल्या दिवसापासून होता, मग खेळ इतकी वर्षं चालला कसा? त्याचं उत्तर नियमपुस्तकात नाही, पूलघरात आहे. जुन्या अमेरिकन पूलघरांत रॅक लावून देणारा पोरगा असायचा. चौदा बॉल काढून त्रिकोणात बसवणं हे त्याचं काम. भिंतीवर तारेत ओवलेले मणी असत, गुण त्यावर मोजले जात. पुढे दारूच्या गुत्त्यांत सात फुटी, नाणं टाकून चालणारी टेबलं आली आणि हे सगळंच उखडलं गेलं. अशा टेबलात पॉकेटात गेलेला बॉल आतल्या बंद खणात जाऊन बसतो आणि पुढचं नाणं पडेपर्यंत बाहेर येत नाही. परत मिळतो फक्त पांढरा, कारण आकाराने, वजनाने किंवा आतल्या लोखंडामुळे यंत्र त्याला वेगळा ओळखतं. आता सांगा, चौदा बॉल परत कसे लावणार? प्रत्येक चौदा बॉलांमागे एक नाणं? वन पॉकेट या खेळाचीही तीच गत. त्यात दोघांनी खालच्या दोन कोपऱ्यांपैकी एकेक पॉकेट घ्यायचं, आपल्याच पॉकेटात आठ बॉल घालायचे, आणि फाउल झाला की घातलेला बॉल काढून पुन्हा टेबलावर ठेवायचा. खणात अडकलेला बॉल काढणार कुठून? (वन पॉकेट मेलेला नाही. बचावाची बारीक कलाकुसर आवडणाऱ्यांची एक छोटी, कडवी जमात तो खेळते. लोकप्रिय नसणं म्हणजे मरणं नव्हे.)

एट-बॉलने बाजी मारली ती या यंत्राशी त्याचं जमलं म्हणून. एकदा घातलेला बॉल परत लागत नाही. गुण लिहावे लागत नाहीत, टेबलावर कुणाचे किती उरले हे लांबूनही दिसतं. एक नाणं, एक डाव, जिंकणारा टेबलावर राहतो, हरणारा बाजूला होतो आणि पुढचा येतो. त्याच्या जन्माची कथाही बोलकी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रन्सविक-बाल्के-कॉलेंडर या टेबलं बनवणाऱ्या कंपनीने आपल्या आद्याक्षरांच्या नावाने तो आणला, तेव्हा त्याचा संच वेगळा होता: सात लाल, सात पिवळे, एक काळा. इंग्लंडच्या पबांत आजही ते रंग दिसतात. पण बाकी जगात तो पसरला तो एक ते पंधरा आकड्यांच्या, आधीपासून प्रत्येक पूलघरात पडलेल्या संचावर: सात पूर्ण रंगाचे, सात पट्टेवाले. नवं काही विकत घ्यायची गरजच राहिली नाही. स्नूकर प्लसच्या जांभळ्या बॉलला हे भाग्य लाभलं नाही.

नशिबाचा मुद्दा जास्त वादाचा आहे. नाइन-बॉलमध्ये टेबलावरचा सगळ्यात लहान आकडा आधी लागला पाहिजे, एवढीच अट. मग कुठलाही बॉल कुठेही जावो, आणि नऊ गेला की डाव संपला. एकाला मारून धक्क्याधक्क्याने नऊ गेला तरी चालतो, ठरवून मारलेला असो की चुकून. कसलेल्या खेळाडूंना हे खुपतं. त्यात पातळ प्लास्टिकचा साचा आला. तो अंथरून त्यावर बॉल लावले की नऊच्या नऊ एकमेकांना घट्ट चिकटून बसतात, आणि रुंद ओळीतला टोकाचा बॉल ठरावीक जागेवरून फोडल्यावर जवळजवळ दर वेळी कोपऱ्याच्या पॉकेटात जातो. फोडणं हे फोडणं राहिलं नाही, ती सुरुवातीचीच वसुली झाली. मग संयोजकांनी एकऐवजी नऊ नंबर ठिपक्यावर ठेवून पाहिला, फोडण्याची जागा चौकटीत बांधली, किती बॉल फोडण्याच्या रेषेपर्यंत परत यावेत याचे आकडे घातले. दुसरीकडे टेन-बॉल पुढे आला: एक बॉल जास्त, आणि फटका सांगून मारायचा. २००८ मध्ये त्याची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा फिलिपिन्समध्ये झाली. कौशल्याच्या तराजूत टेन-बॉल भारी आहे, यात वाद नाही. तरीही नाइन-बॉलची जागा त्याला घेता आली नाही.

मला यात नवल वाटत नाही. चुकून गेलेला नऊ हा कच्च्या खेळाडूच्या हातातला एकमेव हुकमी पत्ता आहे. दहा डावांत दोन डाव त्याला नशिबाने मिळाले तर तो अकरावा खेळायला उभा राहतो, आणि चांगल्या खेळाडूला समोर कुणीतरी लागतोच. नशीब पुसून टाकलं की निकाल शुद्ध होतो आणि समोरची खुर्ची रिकामी होते. याचा अर्थ नशीब जितकं जास्त तितकं बरं, असाही नाही. अमेरिकेत टीव्हीसाठी सेव्हन-बॉल चालवून पाहिला: एक बॉल मध्ये, बाकीचे सहा भोवती. सात बॉल म्हणजे सराईत माणसाच्या हातचा मळ. फोडलं, साफ केलं, संपलं. खेळायला लागतो त्याहून रॅक लावायला जास्त वेळ जातो की काय असं वाटावं. तोही टिकला नाही.

इंग्लिश बिलियर्ड्सची गोष्ट आपल्याला जवळची, म्हणून जरा थांबून. तीन बॉल. कॅनन (आपला बॉल बाकी दोन्हींना लावणं), पॉट (दुसरा बॉल पॉकेटात घालणं) किंवा इन-ऑफ (दुसऱ्याला लागून आपलाच बॉल पॉकेटात जाणं) करून गुण मिळवायचे. लाल पॉकेटात गेला की पुन्हा ठिपक्यावर येतो. म्हणजे टेबल कधी रिकामं होत नाही आणि खेळी आपण होऊन कधी संपत नाही. स्नूकरमध्येही १४७ होताना दुसरा बसूनच असतो, पण छत्तीस बॉलांनंतर फ्रेम संपते आणि नवी सुरू होते. बिलियर्ड्सला असा शेवटच नाही. १९०७ मध्ये टॉम रीस यांनी पॉकेटाच्या तोंडाशी दोन बॉल अडकवून पांढऱ्याने त्यांना पुन्हा पुन्हा हलका स्पर्श करत पाच आठवड्यांत ४,९९,१३५ गुणांची ब्रेक केली. हा आकडा छापताना चूक झालेली नाही. तो फटका लगेच बंद केला गेला. पुढे वॉल्टर लिंड्रम यांनी कुशनच्या कडेकडेने तिन्ही बॉल बोटभर अंतरात ठेवून सलग कॅननची परंपरा कळसाला नेली. जानेवारी १९३२ मध्ये ४,१३७ ची ब्रेक, समोर जो डेव्हिस. या खेळात माणूस जितका वाकबगार, तितके बॉल कमी हलतात. तिसऱ्या रांगेतल्या प्रेक्षकाला दिसते ती फक्त खेळाडूची पाठ.

मग नियम आवळले गेले. सलग कॅननवर मर्यादा आली. दर शंभर गुणांत ८० ते ९९ च्या दरम्यान पांढरा बाकलाइन (टेबलाच्या एका टोकाजवळ आखलेली आडवी रेषा) ओलांडून आला पाहिजे, अशी अट आली. लिंड्रमला लगाम घालायला केलेली ही तरतूद वाचावी लागते मात्र पहिल्यांदा क्यू धरणाऱ्याला, ज्याची सर्वोत्तम ब्रेक सोळा आहे. विजेत्यासाठी लिहिलेल्या नियमांचं ओझं नवख्याच्या डोक्यावर येतं, आणि बिलियर्ड्सचं नियमपुस्तक बराच काळ असंच फुगत गेलं.

भारतात हा खेळ तग धरून राहिला त्याला कारणं होती. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी विजेते झाले, वैयक्तिक खेळात भारताचे पहिले जगज्जेते. मुंबईचे मायकल फरेरा तीनदा जगज्जेते झाले. १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी १,१४९ ची ब्रेक केली. गीत सेठींची १९९२ ची १,२७६ आहे, आणि पुण्यातच जन्मलेल्या पंकज अडवाणी यांच्याकडे बिलियर्ड्स आणि स्नूकर मिळून दोन डझनांहून जास्त जागतिक विजेतेपदं. या परंपरेमागे जिमखाने होते. तिथे गुण सांगायला मार्कर उभा असतो, टेबलाला सभासद-वर्गणीचा आधार असतो, आणि दीड तास बसून राहिलात तरी खिशाला चटका बसत नाही. अमेरिकेतल्या रॅक लावणाऱ्या पोराचं काम इथे मार्करने केलं.

आता खेळ जिमखान्यांतून पार्लरांत आला आहे. पुण्या-ठाण्यातल्या गल्लीतल्या पार्लरात रिवाज एकच: हरणारा टेबलाचे पैसे देतो. या रिवाजात बिलियर्ड्स खेळून पाहा. समोरचा बरा खेळाडू असला तर तुम्ही वीस मिनिटं बसणार, त्याची करामत बघणार आणि वर पैसेही तुम्हीच भरणार. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा माणूस बाजूच्या पूल टेबलाकडेच जाईल. यात अभिरुचीचा प्रश्न कुठे आला? व्यवहार आहे.

गमतीचा भाग असा की स्नूकरही असाच उरलासुरला वारसदार आहे. १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या लष्करी अधिकाऱ्याने तो जुळवला तेव्हा पिरॅमिड्स, लाइफ पूल, ब्लॅक पूल असे खेळ जोरात होते. लाइफ पूलमध्ये प्रत्येकाचा स्वतःचा रंग, प्रत्येकाला तीन ‘जीव’, आणि शेवटी उरेल त्याला जमलेली रक्कम. त्याला पैसे लावणारं टोळकं लागायचं. स्नूकरने पिरॅमिड्सचे पंधरा लाल घेतले, लाइफ पूलचे रंगीत बॉल घेतले, आणि दोघांतही खेळता येईल असं केलं. टोळकं पांगलं तरी त्यामुळेच तो राहिला.

आजचे संयोजक यातून काय घेतात? २०१० मध्ये लंडनमध्ये ‘पॉवर स्नूकर’ झाला: नऊच लाल, मध्ये एक खास लाल, तो घातला की काही काळ गुण दुप्पट, फटक्याला वीस सेकंद. रॉनी ओ’सलिव्हन जिंकले, दिवे-संगीत सगळं झालं. पुढच्या वर्षी मँचेस्टरला एक खेप, मग शांतता. दुप्पट गुणांचा हिशेब आणि सेकंदांचं घड्याळ सांभाळायला माणूस लागतो. पार्लरात कोण सांभाळणार? याउलट सिक्स-रेड बघा. पंधराऐवजी सहा लाल लावले, झालं. कमाल ब्रेक ७५, बाकी सगळं स्नूकर. आशियात, भारतातही, त्याच्या स्पर्धा होतात आणि पोरं अर्ध्या तासात दोन फ्रेम उरकतात. चीनमधल्या हेबॉलने उलटी वाट धरली: खेळ सगळ्यांना येणारा एट-बॉल, फक्त टेबल नऊ फुटी आणि पॉकेटांची तोंडं स्नूकरसारखी गोलसर, त्यामुळे सैल फटका आत जात नाही. अवघड केलं ते टेबल. नियम पाठ करायला नवं काही नाही. तिथे तो अफाट चालतो.

आपल्या संघटनांना आणि पार्लरमालकांना बिलियर्ड्स खरोखर जगवायचं असेल, तर नवं नाव, नवा करंडक, नवी रंगसंगती यांवर पैसा घालवू नये. राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धा चालू पद्धतीनेच राहू द्याव्यात. पण पार्लरात आठवड्यातली एखादी संध्याकाळ वेगळ्या हिशेबाने चालवून बघावी. शंभरचा डाव, वेळ अर्धा तास, टेबलाचे पैसे दोघांनी निम्मे-निम्मे. एका खेळीला तीसची मर्यादा: तीस झाले की क्यू समोरच्याच्या हातात. नवख्याला या मर्यादेने काही फरक पडत नाही, कारण तो तिथवर पोहोचतच नाही. पोहोचणाऱ्याला मात्र अर्ध्या तासात किमान तीनदा उठून पुन्हा सुरुवात करावी लागते, म्हणजे तेवढ्या वेळा दुसऱ्याला टेबल मिळतं. बाकलाइनची अट या टेबलावर गैरलागू, कारण तीसमध्ये तिची गरजच पडत नाही. फाउलला दोन गुण समोरच्याला. मार्कर नसेल तर भिंतीवर स्नूकरचाच गुणफलक आहे, तो चालतो. आणि सामान म्हणाल तर स्नूकरच्या संचातले तीनच बॉल लागतात: लाल, पांढरा आणि पिवळा. बिलियर्ड्समध्ये दुसऱ्या खेळाडूचा बॉल आता पिवळाच असतो.